घरातल्या वयस्कर माणसाला शेक सुरू होणार असेल तर

आमच्या सोलापुरात रेडिएशन हा शब्द फाईलवर असतो. बोलताना कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट, कुणी करंट. आबांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि डॉक्टर म्हणाले, "आता तीस शेक घ्यायचे." आबांचं वय तेव्हा ७४. आईने पहिला प्रश्न विचारला तो हा: "एवढं भाजून घेणं यांना सोसेल का?"

शेक म्हणजे भाजणं नव्हे. मशीनमधून येतात ते क्ष-किरणच, छातीचा फोटो काढतात त्याच जातीचे, पण कितीतरी जास्त शक्तीचे. अंगावर पडताना ना चटका बसतो, ना दुखतं. ते पेशींच्या आतला डीएनए तोडतात. निरोगी पेशी हे नुकसान बऱ्याच अंशी भरून काढतात, कॅन्सरच्या पेशींना ते नीट जमत नाही. म्हणून सगळा डोस एकदम न देता रोज थोडा थोडा देतात आणि मधे शरीराला डागडुजीला वेळ मिळतो.

आबांच्या नंतर मी नात्यातल्या आणि गल्लीतल्या आणखी काही वयस्कर माणसांबरोबर शेकाला जाऊन बसले. त्या सगळ्यातून एक गोष्ट मला पक्की समजली. मशीनवरची दहा-पंधरा मिनिटं डॉक्टर आणि टेक्निशियन सांभाळतात. उरलेले पावणेचोवीस तास घरच्यांकडे असतात, आणि म्हाताऱ्या माणसाचा शेक पूर्ण होतो की मधेच सुटतो हे बहुतेक वेळा त्या तासांत ठरतं. म्हणून हा लेख मशीनपेक्षा घराबद्दल जास्त आहे.

पहिली पायरी: वयावर अडू नका, माणूस बघा

आबांच्या वेळी एका ठिकाणी आम्हाला सांगितलं गेलं, "या वयात कशाला त्रास देता, घरी न्या." आम्ही घाबरून दोन आठवडे नुसते विचार करत बसलो. नंतर कळलं की तोंडाच्या ऑपरेशननंतर शेक लागणार असेल तर तो साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. आमचे त्यातले दोन गेले होते. त्या दोन आठवड्यांची हळहळ मला आजही आहे.

नुसत्या वयावर शेक नाकारण्याचं कारण नाही. ऐंशीतला रोज देवळापर्यंत चालत जाणारा, स्वतःची आंघोळ स्वतः करणारा माणूस पूर्ण कोर्स घेऊ शकतो. आणि पासष्टीतलाच एखादा हृदय, किडनी, साखर या सगळ्यांनी इतका थकलेला असतो की त्याला सहा आठवडे रोज नेणं हीच शिक्षा होते. दुसऱ्या बाजूची चूकही मी पाहिली आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजींना "सगळं केलं पाहिजे" म्हणून मुलं रोज उचलून नेत होती.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरीच कागदावर एवढं लिहून काढा: खुर्चीतून आधाराशिवाय उठता येतं का, गेल्या तीन महिन्यांत वजन किती उतरलं, जेवण किती कमी झालं, वर्षभरात कितीदा पडले, विसरभोळेपणा वाढलाय का, मन उदास असतं का, रोजच्या गोळ्या किती आणि कोणत्या. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जी-८ नावाची आठ प्रश्नांची छोटी चाचणी असते, तीही साधारण याच गोष्टी विचारते. तिचे गुण १७ पैकी असतात. १४ किंवा कमी आले तर माणसाची सविस्तर तपासणी करून मग उपचार ठरवावेत असा संकेत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वयस्कर रुग्णांसाठी स्वतंत्र ओपीडीसुद्धा आहे. आपल्याकडे ही तपासणी कुणी आपणहून केली नाही तर विचारा. विचारण्यात संकोच नको.

दुसरी पायरी: "किती दिवस?" हा प्रश्न नीट विचारा

शेकाच्या डॉक्टरांना भेटाल तेव्हा सगळ्यात आधी हे विचारा: हा शेक आजार बरा करण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी? उत्तर काहीही असो, ते घरातल्या सगळ्यांना, आणि रुग्णालाही, माहीत असावं. त्यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो.

दुसरा प्रश्न: यांच्यासाठी कमी दिवसांचा कोर्स बसेल का? वयस्कर माणसासाठी मला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि तो फार थोडे लोक विचारतात. डोस 'ग्रे' या एककात मोजतात. ऑपरेशननंतर तोंडाला साधारण ६० ग्रे, ३० शेकांत. ऑपरेशन न करता घशाला ६६ ते ७० ग्रे, म्हणजे जवळपास सात आठवडे. तिथे काटछाट सहसा करत नाहीत. पण सगळीकडे तसं नसतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पूर्वी पाच आठवडे लागत, आता बऱ्याच ठिकाणी १५ शेकांत होतं, आणि काही रुग्णांना एका आठवड्यात पाच शेकांतही भागतं. प्रोस्टेटचा पूर्वीचा सात-साडेसात आठवड्यांचा कोर्स आता २० शेकांत बसवता येतो. मेंदूच्या एका जोरकस गाठीत वयस्कर रुग्णांना सहाऐवजी तीनच आठवडे देतात, कारण त्यांच्यात दोन्हींचा परिणाम सारखाच दिसला आहे. आणि हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर ८ ग्रेचा एकच शेक पुष्कळदा पुरतो. दहांतल्या साधारण सहा जणांना त्याने आराम पडतो, मात्र तो जाणवायला दोन-चार आठवडे लागतात, आणि पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढूही शकतं. हे आधी माहीत असलं की घरचे घाबरत नाहीत.

तिसरा: दिला नाही तर काय होईल? हा प्रश्न म्हणजे डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. ६५ वर्षांवरच्या, स्तनातली लहान गाठ ऑपरेशनने काढलेल्या, बगलेत आजार नसलेल्या आणि हार्मोनची गोळी नियमित घेणाऱ्या स्त्रियांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला आहे. शेक घेतलेल्यांत आजार त्याच स्तनात परतण्याचं प्रमाण ०.९ टक्के होतं, न घेतलेल्यांत ९.५ टक्के. पण जगण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी हे ऐकून शेक घेतला, "परत यायची धास्ती नको" म्हणून. दुसऱ्या एका बाईंनी गोळीवर राहायचं ठरवलं. दोघींचंही बरोबर होतं, कारण दोघींनी समजून ठरवलं.

चौथा: सोबत केमो लागणारच का? डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शेकासोबत दिलेल्या केमोचा फायदा वयाबरोबर घटत जातो आणि सत्तरीनंतर तो फारच थोडा उरतो. किडनी आणि कान मात्र त्याची किंमत मोजतात. धडधाकट माणसाला डॉक्टर देतीलही, पण का देताय हे विचारून घ्या.

तिसरी पायरी: कुठे घ्यायचा, कसं जायचं, पैसे कुठून

तीस शेक म्हणजे तीस फेऱ्या. सोमवार ते शुक्रवार रोज, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणून उपचार घराजवळ, हे माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या ठिकाणचा सल्ला हवा असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून मुंबईला जा, फाईल दाखवा, मत लिहून आणा आणि शेक इकडे घ्या. आपल्या जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल कितीतरी वर्षांपासून खेड्यापाड्यातल्या रुग्णांना बघतं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. सोलापूर शहरातही सोय आहे. अक्कलकोटहून रोजचे चाळीसेक किलोमीटर झेपतात. पंढरपूरहून सत्तर येताना आणि सत्तर जाताना, तेही उन्हाळ्यात, सत्तरीतल्या माणसाला तिसऱ्या आठवड्यापासून झेपत नाहीत. तेव्हा पाहुण्यांकडे किंवा खोली घेऊन राहायचं आधीच ठरवून ठेवा.

मशीन कोणतं आहे तेही विचारा. लिनॅक नावाचं नव्या पद्धतीचं यंत्र विजेवर चालतं. जुन्या पद्धतीच्या यंत्रात कोबाल्टचा किरणोत्सर्गी तुकडा असतो आणि साधारण सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते. तुकडा जुना झाला की तेवढाच डोस द्यायला जास्त मिनिटं लागतात, आणि कमरेचं दुखणं असलेल्या माणसाला कडक फळीवर ती मिनिटं फार जड जातात.

पैशांचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेक बसतो. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शिवाय ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. रुग्णालय योजनेत आहे का हे आधी बघा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी जा आणि मंजुरी येऊ द्या. मंजुरीच्या आधी पैसे भरून उपचार सुरू केले तर ते परत मिळवताना नाकी नऊ येतात. आधारवरचं आणि रेशनकार्डवरचं नाव, वय जुळतंय का हे घरीच तपासा. आमच्या ओळखीतल्या एका आजींचे चार दिवस नुसत्या नावातल्या एका अक्षरापायी गेले. राज्याच्या योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

एसटीत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यात प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट, आणि बायकांना कोणत्याही वयात अर्धं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी सवलत मिळते, सोबतच्या एका माणसालाही. त्याचा ठरलेला नमुना रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

चौथी पायरी: सुरू होण्याआधीची कामं

तोंडाला किंवा मानेला शेक असेल तर आधी दातांचा डॉक्टर. हलणारे, किडलेले दात शेकाआधीच काढायचे आणि हिरडी भरून यायला दोन-तीन आठवडे द्यायचे. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तेव्हा दात उपटला तर जखम भरत नाही आणि हाड सडू शकतं.

स्तनाला शेक असेल तर हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावं लागतं. ऑपरेशननंतर खांदा आखडलेला असतो, त्यात म्हातारपणीचा संधिवात. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम ऑपरेशनच्या डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करा. हात वर जात नाही म्हणून प्लॅनिंग, म्हणजे शेकाआधीचं मापाचं काम, पुढे ढकललेलं मी पाहिलं आहे.

पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कार्डासकट. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, त्यात काढे, चूर्णं, भस्मंसुद्धा. "ते आयुर्वेदिक आहे, ते कशाला दाखवायचं" असं म्हणू नका. म्हाताऱ्या किडनीला सगळ्याचा हिशेब ठेवावा लागतो. आणि मिश्री, तंबाखू, बिडी त्या दिवशीच बंद. साठ वर्षांची सवय सुटणं अवघड आहे, मला माहीत आहे. पण शेक चालू असताना तंबाखू चालू राहिली तर तोंड जास्त सोलतं आणि उपचाराचा गुणही कमी येतो.

पाचवी पायरी: प्लॅनिंग आणि मास्क

पहिला दिवस शेकाचा नसतो, मापाचा असतो. रोज जसं झोपायचं तसं झोपवून सीटी स्कॅन काढतात, अंगावर खुणा करतात. मग डॉक्टर आणि फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचा हिशेब करणारे तज्ज्ञ, संगणकावर किरणांचे रस्ते आखतात. याला काही दिवस लागतात, तेव्हा "अजून सुरू का करत नाहीत" म्हणून कासावीस होऊ नका. खुणा पुसू द्यायच्या नाहीत.

डोक्या-मानेच्या शेकाला मास्क बनवतात. पांढऱ्या प्लास्टिकची जाळीदार पाटी गरम पाण्यात बुडवली की मऊ होते. ती चेहऱ्यावर ठेवून कडेने दाबतात आणि काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात घट्ट बसते. आधी ओला गरम टॉवेल ठेवल्यासारखं वाटतं, मग आवळत जातं. श्वास जाळीतून नीट घेता येतो. आबांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मास्क फळीला खटाखट अडकवला तसे त्यांचे दोन्ही हात वर आले आणि बोटं हवेत काहीतरी पकडू लागली. टेक्निशियन भला माणूस होता. त्याने मास्क सोडला, त्यांना उठवून बसवलं, मास्क त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "आजोबा, आधी तुम्हीच हात लावून बघा." आबांनी जाळीच्या भोकांतून बोट घालून पाहिलं, चेहऱ्याशी नेऊन श्वास घेऊन पाहिला. दुसऱ्यांदा ते गप्प पडून राहिले. तुमच्या माणसाला मास्क आधी हातात द्यायला सांगाच.

ऐकू कमी येत असेल तर आणखी एक गोष्ट. कानातलं यंत्र आणि कवळी दोन्ही काढून ठेवावी लागतात, म्हणजे ऐन मशीनखाली माणूस बहिरा होतो. खोलीत तो एकटा असतो, पण बाहेर कॅमेऱ्यात सतत दिसत असतो. तेव्हा "काही झालं तर हात वर करा, लगेच मशीन थांबवतील" ही खूण यंत्र कानात असतानाच पक्की करा. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आजींना "हलू नका", "झालं", "श्वास नेहमीसारखा घ्या" हे मराठी शब्द आधी समजावून ठेवा, किंवा टेक्निशियनलाच त्यांच्या भाषेतले दोन शब्द लिहून द्या. आपल्या गावात ते शिकणारे पुष्कळ भेटतात.

सहावी पायरी: रोजचा दिवस

रोजची वेळ शक्यतो एकच मागून घ्या, उन्हाळ्यात सकाळची. फेब्रुवारीत सुरू केलेला कोर्स एप्रिलच्या तोंडाशी येतो आणि पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. सोबतचा माणूसही शक्यतो तोच असावा, विसरभोळेपणा असेल तर नक्कीच. मशीनवर जायच्या आधी लघवीला नेऊन आणा. कंबर दुखत असेल तर वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी, डॉक्टरांना विचारून. खोली थंडगार असते, पायांवर पांघरूण मागा.

प्रोस्टेटच्या किंवा गर्भाशयाच्या शेकाला बऱ्याचदा लघवी करून, ठरलेलं पाणी पिऊन, अर्धा-पाऊण तास थांबून लघवीच्या भरल्या पिशवीने झोपायला सांगतात, म्हणजे आतडी वर सरकतात. वयस्कर माणसाला ती लघवी धरवत नाही. तसं असेल तर लपवू नका, पाण्याचं माप बदलता येतं.

शेक चुकवू नका. पाहुणे आले, लग्न निघालं, गड्ड्याची यात्रा आली, तरी नाही. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये कोर्स जितका लांबतो तितका गुण घटतो. लांबलेल्या दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने कमी होते. मशीन बंद पडून दिवस गेला तर तो भरून कसा काढणार हे डॉक्टरांना विचारा.

शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. मशीन बंद झालं की किरण संपले. नातवंडांनी मांडीवर बसावं, एका ताटात जेवावं. गर्भाशयाच्या कॅन्सरला आतून शेक देतात तेव्हाही किरणोत्सर्गी तुकडा काम झालं की परत बाहेर काढून घेतात. आमच्या ओळखीच्या एका आजींचं अंथरूण दीड महिना वेगळ्या खोलीत घातलं होतं. त्यांना शेकापेक्षा त्या खोलीचं जास्त लागलं होतं.

सातवी पायरी: जेवण आणि वजन

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण कोर्स मोडतात ते बहुतेक इथेच.

पहिले दहा-बारा दिवस काहीच वाटत नाही. आबा तर म्हणाले, "उगीच घाबरवलं." तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलायला लागलं, चव गेली, थुंकी दोरीसारखी झाली. आमच्या घरचं जेवण म्हणजे कडक भाकरी आणि शेंगदाण्याची तिखट चटणी. दोन्ही त्या तोंडाला काचेसारखी. आबा ताटावरून उठू लागले, आणि मुलीला त्रास नको म्हणून सांगायचे, "भूक नाही."

मग आम्ही ताटच बदललं. ज्वारीची आंबील, गार करून. हुलग्याचं माडगं, मिरची न घालता. मऊ भात, मुगाचं घट्ट वरण आणि वरून तूप, सगळं मिक्सरमधून काढून. कुस्करलेलं उकडलेलं अंडं दह्यात. नाचणीचं सत्त्व दुधात. केळ्याचं शिकरण. शेंगदाणे सोडले नाहीत, रात्रभर भिजवून, वाटून, गाळून त्यांचं दूध केलं. तीन जेवणांऐवजी दर दोन तासांनी वाटीभर, घड्याळ लावून. "भूक लागली की सांगा" हे वाक्य त्या दिवसांत घरातून हद्दपार करा, भूक लागतच नाही. खाण्याआधी अर्धा तास दुखण्याची गोळी. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी चूळ भरायची. बाजारचा झोंबणारा माऊथवॉश नको. दुखणं फार वाढलं आणि डॉक्टरांनी मॉर्फिन लिहिलं तर घाबरू नका, ते व्यसन लावायला दिलेलं नसतं. बद्धकोष्ठाचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून सोबत मागा.

वजन दर सोमवारी, एकाच काट्यावर, वहीत लिहून. आठवड्यात दोन किलो उतरलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता सांगा. नाकातून नळी घालायची वेळ आली तर ती हार समजू नका. आबांनी दहा दिवस नाही म्हटलं आणि अकराव्या दिवशी नळी घातली. त्या रात्री पोटभर अन्न गेलं आणि ते आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपले. आधीच घातली असती तर बरं, असं तेच म्हणाले.

आणि आमच्याकडून झालेली मोठी चूक. चौथ्या आठवड्यात आबा पहाटे न्हाणीत पडले. खाणं निम्म्यावर आलं होतं, पाणी कमी जात होतं, पण बीपीची आणि साखरेची गोळी पूर्वीच्याच मापात चालू होती. साखर आणि बीपी दोन्ही खाली आलेलं. कपाळाला खोक पडली, हाड मोडलं नाही हे नशीब. खाणं कमी झालं की त्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन या गोळ्यांचं माप पुन्हा ठरवून घ्या. न्हाणीत रबरी चटई घाला, रात्रीचा दिवा चालू ठेवा, अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटं बसायला सांगा.

पोटाच्या किंवा ओटीपोटाच्या शेकात जुलाब लागतात. तेव्हा कच्ची कोशिंबीर, तिखट, तेलकट आणि जास्त दूध बंद, ताक-भात, केळं आणि ओआरएस चालू. जुलाब थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

थकवा सगळ्यांनाच येतो. दुपारी तासभर झोप आणि सकाळ-संध्याकाळ अंगणात दहा मिनिटं चालणं, दोन्ही हवं. दिवसभर झोपवून ठेवलं तर पायातली ताकद जाते, आणि या वयात गेलेली ताकद परत यायला फार वेळ लागतो.

कातडीची काळजी

शेकाची जागा काळवंडते, खाजते, कधी सोलते. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडी करा. हळद, बाम, पावडर, खोबरेल, गरम पाण्याची पिशवी काही नको, डॉक्टरांनी दिलेलंच मलम. दाढी ब्लेडने करू नका, ट्रिमर वापरा. आपली सोलापुरी चादर टिकाऊ खरी, पण तिची जाड वीण मानेच्या सोललेल्या कातडीला घासते. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा सुती लुगडं गळ्याशी घ्या. बाहेर पडताना डोक्यावर छत्री आणि मानेवर तेच मऊ फडकं.

कशाला थांबायचं नाही

यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा: १००.४ च्या वर ताप, पाण्याचा घोटही न उतरणं, दिवसभरात लघवी नीट न होणं, थुंकीतून किंवा खालून रक्त, पडणं, अचानक भलतंसलतं बोलणं. म्हाताऱ्या माणसात शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झाल्याचं पहिलं लक्षण बऱ्याचदा हे भ्रमिष्टपणाचंच असतं, घरचे मात्र "वय झालं" म्हणून सोडून देतात. आणि कॅन्सरच्या रुग्णाची पाठ दुखता दुखता पायातली ताकद जायला लागली किंवा लघवी अडली तर रात्र काढू नका. मणक्यातली नस दाबली जात असेल तर काही तासांचा उशीर कायमचं पांगळेपण देऊ शकतो.

शेवटची पायरी: शेक संपल्यावर

शेवटचा शेक झाला की घरात पेढे वाटतात. वाटाच. पण त्रास त्या दिवशी संपत नाही. पुढचे एक-दोन आठवडे तो उलट वाढतो आणि मग उतरायला लागतो. नळी, मऊ जेवण, चुळा, सोमवारचा काटा हे सगळं त्या काळात तसंच चालू ठेवा. सोबतीला आलेले पाहुणे नेमके तेव्हाच परत जातात, म्हणून त्यांना आणखी पंधरा दिवस ठेवून घ्या.

तोंडाचा शेक असेल तर जबडा आखडतो. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एक-एक वाढवत न्यायची, दिवसातून चार-पाच वेळा, किती ते डॉक्टर सांगतात. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का हे बघत राहायचं. मानेला शेक झालेल्यांनी थायरॉईडची टीएसएच तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी. सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ हे म्हातारपणाचं समजून सोडलं जातं आणि निघतो तो थायरॉईड. दाताला काहीही करायचं असेल, दहा वर्षांनीही, तर दातांच्या डॉक्टरला शेकाची फाईल आधी दाखवायची. आमच्याकडे शेकाचा डोस आणि तारखा लिहिलेलं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून आबांच्या आधारकार्डाबरोबरच ठेवलं आहे.

आबांची चव चौथ्या महिन्यात परत आली, आधी गोड, मग आंबट. चटणी अजून झोंबते. भाकरी आमटीत कुस्करून, मऊ करून खातात आणि मधूनच पाण्याचा घोट घेतात, कारण थुंकी पूर्वीसारखी सुटत नाही. काड्या आता अकरा जातात.